मगदुमांच्या लग्नाची दुरुस्ती

आक्काताईंनी मोबाइल चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि त्या काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात मदनआप्पा मगदुमांना एवढं कळलं होतं, की बायको बोलते आहे तोवर सगळं ठीक असतं. त्यांनी घाईघाईने चष्मा शोधला.

मोबाइलवर समाजसूचीचं पान उघडलेलं होतं. कुंडल आणि आसपासच्या जैन समाजातली तीनशे बारा घरं, त्यांतली माणसं, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको, हे सगळं एका जागी आणणारी ही सूची सोमवारी सकाळी सांगलीच्या छापखान्यात जायची होती. तिचे प्रमुख स्वतः मदनआप्पा. छापण्याआधी सगळ्यांनी नजर घालावी म्हणून कच्ची प्रत आज, गुरुवारी, समाजाच्या ग्रुपवर गेली होती. आप्पांनी घर नंबर एक्केचाळीस, म्हणजे आपलंच घर, वाचलं.

मदन मगदूम. पत्नी: चंदना.
जिनेंद्र मगदूम. पत्नी: चंदना.
आक्काताई मगदूम. पती: जिनेंद्र.
चंदना मगदूम. पती: जिनेंद्र.

जिनेंद्र हा आप्पांचा धाकटा भाऊ आणि चंदना त्याची बायको. ती आक्काताईंची सख्खी धाकटी बहीणही होती. दोन भाऊ, दोन बहिणी, लग्नं एका दिवशी एकाच मांडवात लागलेली. आप्पांनी पान पुन्हा वाचलं. सूचीप्रमाणे जिनेंद्रला दोघी होत्या. आप्पांनाही एक बायको होती, पण आप्पा कुणाचेच नवरे नव्हते.

"चूक झालीया कायतरी," ते म्हणाले.

"कुणाची?"

"कॉम्प्युटरची."

"आन कॉम्प्युटरला सांगितलं कुणी?"

आप्पांनी चहा प्यायला. तो गार झाला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

कॉम्प्युटरला सांगितलं होतं आप्पांनीच. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. दोन हजार कामगार, तीन पाळ्या, आणि कुणाची हजेरी कुणाच्या नावावर गेली असं एकदाही झालं नव्हतं. निवृत्तीनंतर समाजाने त्यांच्याकडे सूचीचं काम दिलं ते यामुळेच. समाजाच्या तीन वह्या होत्या. एक घरांची, एक माणसांची, एक लग्नांची. जिनेंद्रचा मुलगा भरतेश साताऱ्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायचा. त्याने तिन्ही वह्यांचे तीन तक्ते केले. माणसांच्या तक्त्यात पती-पत्नीचा रकाना रिकामा होता. तो बाकीच्या दोन तक्त्यांवरून भरायचा होता.

"नावं जुळवून भरतो, आप्पा," भरतेश म्हणाला होता.

"नावावर जाऊ नगंस. लगीन झालं की बाईचं नाव बदलतंय. म्हायेरच्या वहीत एक, सासरच्या वहीत दुसरं. सगळा घोळ व्हईल. घर नंबर बघ आन लग्नाची तारीख बघ. एका घरात एका तारखेला एकच लगीन. त्यात काय चुकतंय?"

भरतेशने तसंच केलं. तीनशे अकरा घरांचं अगदी बिनचूक झालं. एक्केचाळीस नंबरच्या घरात एका तारखेला दोन लग्नं निघाली. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्याने रकान्यात आधी पहिलं नाव लिहिलं, मग त्याच जागी दुसरं लिहिलं. राहिलं ते दुसरं.

"म्हंजे," आक्काताई शांतपणे म्हणाल्या, "तीनशे अकरा घरांची लग्नं तुमच्या ध्यानात ऱ्हायली. सोताचं तेवढं इसरला."

"आगं, इसरलो न्हाई..."

"ऱ्हाऊ द्या. आमच्या आबांनी दिली, मी आले. तुमी तरी काय, थोरल्याला थोरली म्हणून पदरात पडली तशी घेतली. ध्यानात ठिवण्यासारकं हाय तरी काय त्यात?"

हे वाक्य आप्पांनी चाळीस वर्षांत पुष्कळदा ऐकलं होतं. त्यावर बाहेर ते हसायचे. आत मात्र तेच वाक्य उलट्या बाजूने टोचायचं. आक्काताई त्यांच्यापेक्षा चांगल्या चार बोटं उंच होत्या. लग्नात करवल्या काय कुजबुजल्या होत्या ते त्यांनी ऐकलं होतं. जिनेंद्र ताडमाड. वयाचा क्रम आडवा आला नसता तर ही बाई आपल्या वाट्याला आली नसती, असं आप्पा मनात धरून होते. तिला काय वाटतं हे विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नव्हतं.

आक्काताईंनी चार लुगडी, चष्म्याचं घर आणि सांधेदुखीचं तेल एका पिशवीत भरलं.

"कुठं निघालीस?"

"सूचीत माझा नवरा पलीकडं दावलाय. नवऱ्याच्या घरी निघाले."

पलीकडे म्हणजे अंगण ओलांडून. दोन्ही भावांची घरं समोरासमोर होती. पाच मिनिटांत समोरून दोघी बहिणींच्या हसण्याचा आवाज आला. तो ऐकून आप्पांना बरं वाटलं नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही घराची रीत. संध्याकाळी सहाला चंदना ताट घेऊन आली.

"दाजी, जेवून घ्या. सूचीपरमानं तुमची बायको मीच हाय, तवा ही जबाबदारी माझी."

"चंदना, चेष्टा बास कर गं. आक्का कवा येतीया?"

"ती कशाला यील? तिच्या नवऱ्याला ती गरम भाकरी वाढतीया. माझाबी नवरा हाय म्हणा त्यो, पन आमी दोघी वाटून घेतो."

भाकरी गार होती. आमटीत मीठ जास्त होतं. आप्पांनी निमूट खाल्लं. समोरच्या ओट्यावर जिनेंद्र पाय पसरून बसला होता. त्याच्या ताटात दोन प्रकारची चटणी होती.

"दादा," तो ओरडला, "सूची लय चांगली झालीया हां! आमच्याकडनं कायबी तक्रार न्हाई!"

शुक्रवारी सकाळी आप्पांनी साताऱ्याला फोन लावला. भरतेश नुकताच कंपनीत पोहोचला होता.

"आप्पा, मी बघितलं काल. संध्याकाळी नीट बसून करतो."

"संध्याकाळी न्हाई. आत्ता. फकस्त माझ्या नावापुढं तुझ्या मोठ्या आईचं नाव घाल. एका माणसाचं काम. त्याला काय बसायला लागतंय?"

"चहाची सुट्टी झाली की करतो."

"चहा मग पी."

भरतेशने चहा न पिता, उभ्या उभ्या, काकांचं काम केलं. पत्नीच्या रकान्यात आक्काताई असं लिही, एवढं त्याने कॉम्प्युटरला सांगितलं. कुणाच्या रकान्यात, हे सांगायच्या आत साहेबांनी हाक मारली आणि त्याचं बोट बटणावर पडलं. कॉम्प्युटरला कुणा एकाचं नाव न सांगितल्यामुळे त्याने भेदभाव केला नाही. तीनशे बारा घरांतल्या पाचशे ऐंशी पुरुषांच्या पुढे त्याने आक्काताई लिहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण सूचीचं काम लपूनछपून चालतं अशी कुरकुर मागे झाली होती, तेव्हा आप्पांनीच हुकूम दिला होता, की काहीही बदल झाला की नवी प्रत आपोआप ग्रुपवर गेली पाहिजे. ती गेली.

पहिला फोन समाजाच्या अध्यक्षांचा आला. त्यांची बायको शेजारी उभी असावी, कारण ते फार मोठ्याने बोलत होते. "मदनराव, ह्यात माझा कायबी संबंध न्हाई, हे आमच्या हिला जरा सांगा!" मग फोन वाजतच राहिला. कुणी अभिनंदन करत होतं, कुणी चौकशी. पाचगणीला गेलेल्या एका नव्या जोडप्याने तिथूनच विचारलं, की आम्ही परत येऊ की राहू.

दहाच्या सुमारास काठी टेकत नेमगोंडा आजोबा दारात आले. वय अठ्ठ्याऐंशी. ते पायरीवर बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "मदन, आक्काताईला सांग, मला च्या बिनसाखरेचा लागतोय. शुगर हाय."

"आजोबा, तुमीबी?"

"आरं, चेष्टा केली. नातवानं वाचून दावलं." आजोबा काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. "बारा वर्सं झाली ती जाऊन, माझ्या नावापुढचा रकाना रिकामाच हाय. आज तितं कायतरी लिवल्यालं दिसलं. चूक तर चूक. घटकाभर बरं वाटलं बघ."

आप्पांनी त्यांच्यासाठी स्वतः चहा टाकला. तो उतू गेला. आजोबांनी तो बशीत ओतून आवडीने प्यायला आणि जाताना म्हणाले, "तुजं अजून समोरच्या घरात हाय. अंगण हाय मधी नुसतं. जा की आणायला."

आप्पा गेले. आक्काताई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"आलो न्यायला."

"तुमी कितवं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "पाचशे ऐंशी हायत म्हणं. नंबर लावा."

आतून चंदना खिदळली. आप्पा उभेच राहिले.

"भरतेशला सांगून दुरुस्त करतो आज. आपलं लगीन कसं झालं ते मला ठावं हाय न्हवं? त्याला सांगतो, त्यो लिवंल."

"तोंडी?"

 तोंडी काही लिहायचं नाही, हा नियमही त्यांचाच होता. मुला-मुलींची लग्नं जुळावीत म्हणून आईबाप वयातली दोन-दोन वर्षं खात होते. म्हणून आप्पांनी बैठकीत टेबलावर हात आपटून ठराव केला होता: मूळ वहीत लेखी दिसेल तेच सूचीत जाईल, वहीचा पान नंबर दिल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही, मग तो अध्यक्ष असला तरी. पान नंबर भरल्याशिवाय दुरुस्ती पक्की होणार नाही, अशी सोयच त्यांनी भरतेशकडून कॉम्प्युटरमध्ये करून घेतली होती.

"अध्यक्षांच्या सुनेचं वय तुमी बदलू दिलं न्हाई," आक्काताई म्हणाल्या. "मग माजा नवरा तोंडी कसा बदलता? वहीत दावा. न्हाई दावलंत तर सोमवारी छापू द्या हाय असं. मी ऱ्हाते इथं. इथली हवाबी बरी हाय."

त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. आप्पांना ते दिसलं. चेष्टा कधीच संपली होती. सगळ्या गावाच्या जोड्या बिनचूक लावणारा माणूस आपली जोडी लावायला विसरला, हे त्यांना लागलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीने भरतेश साताऱ्याहून आला. त्याने पाचशे ऐंशी आक्काताई आधीच काढून टाकल्या होत्या. बाकी घरांत आपापल्या बायका परतल्या होत्या. फक्त एक्केचाळीस नंबरचं घर पहिल्या चुकीवर येऊन थांबलं होतं.

दोघं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेले. मंदिराच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात समाजाच्या मूळ वह्या होत्या. अध्यक्षांनी किल्ली दिली, पण स्वतः आले नाहीत. बायकोने पाठवलं नाही म्हणाले.

"आप्पा, मूळ वहीत तरी वेगळं काय असणार?" भरतेश पानं उलटत म्हणाला. "घर नंबर, तारीख सगळं आपण उतरवून घेतलंय. फक्त शेऱ्याचा रकाना सोडला. तुम्हीच म्हणालात, शेऱ्यात काही नसतं."

"नसतंयच. पाऊस आला, बुंदी कमी पडली, असलं लिवायचं सेक्रेटरी."

पान एकशे अठरा. तेव्हा साखरपुड्यालाच नोंद व्हायची. घर एक्केचाळीसचे दोन चिरंजीव, दुधगावच्या घर सातच्या दोन कन्या. पुढे शेऱ्याचा रकाना बारीक अक्षरांनी भरलेला. वरच्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ मारलेली होती. ती खोडलेली ओळ आप्पांनी चष्मा पुसून वाचली आणि खुर्ची ओढून घेतली.

मग त्यांनी खालची ओळ वाचली. ती त्यांनी तीनदा वाचली. भरतेशने वाकून पाहिलं तेव्हा त्यांनी वहीवर हात ठेवला.

"पान नंबर लिवून घे," ते म्हणाले. "वही मी घरी नेतोय. नेल्याची सई करून ठिवतो कपाटात."

अंगणात सगळे वाटच बघत होते. जिनेंद्र खुर्ची टाकून बसला होता. तीन दिवसांत त्याचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं.

"गावलं?" आक्काताईंनी विचारलं.

"गावलं."

"वाचा मग. मोठ्यानं. सगळ्यांम्होरं."

आप्पांनी वही उघडली. "ठरलं ते असं. थोरल्याला धाकटी, धाकट्याला थोरली. उंचीप्रमाणे जोडा शोभावा म्हणून."

 मग जिनेंद्र मांडीवर थाप मारून हसायला लागला. "आयला! म्हंजे कॉम्प्युटर निम्मा बरूबर हुता की!"

आक्काताई मात्र शेंगांची पाटी बाजूला सारून उठल्या. "बास. कळलं. मिटा वही."

"खाली आनी हाय."

"ऱ्हाऊ द्या म्हणते न्हवं? माजी काय तक्रार न्हाई आता. चला, घरी जाऊ."

तीन दिवस हेच शब्द ऐकायला आप्पा झुरत होते. पण टाइम ऑफिसातला माणूस अर्धी नोंद वाचून थांबत नाही. त्यांनी पुढे वाचलं.

"वरील ओळ रद्द. थोरल्या कन्येने स्वतः येऊन सांगितल्यावरून बदल केला. कन्या म्हणते, देत असाल तर मदनला द्या, नाहीतर मी यंदा लग्न करत नाही. वडिलांची सही."

आक्काताईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. साठी ओलांडलेली बाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

"लिवू नगा, लिवू नगा म्हणून त्या सेक्रेटरीच्या किती पाया पडलेवते मी," त्या भिंतीला म्हणाल्या. "मेल्यानं सगळं लिवलं."

आप्पांनी वही मिटली. चाळीस वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते त्यांनी एका शब्दात विचारलं.

"का गं?"

"आता का ते काय इचारता?"

"सांग की."

"बघायला आलावता तवा पोह्यात मिरची लय झालीवती. भावजी दोन बश्या खाऊन मोकळं झालं. तुमाला ठसका लागला. डोळ्यांतनं पानी आलं, पन पानी मागायला जीभ उचलंना तुमची. चारचौघांत बसून नुसतं गिळत हुता. मला वाटलं, ह्या मानसाला न मागता पानी द्याय कुणीतरी पायजे. चंदीला ते जन्मात कळलं नसतं."

 आप्पांनी उपरण्याने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. आक्काताईंनी पिशवी उचलली आणि अंगण ओलांडून आपल्या घराकडे चालू लागल्या. आप्पा त्यांच्या बाजूने चालले. चार बोटांचा फरक होता तेवढाच होता, पण आप्पा ताठ चालत होते.

"थांबा जरा," मागून चंदना म्हणाली.

दोघं थांबले. चंदनाच्या हातात पळी होती आणि तीन दिवसांचं हसू चेहऱ्यावरून पार उतरलं होतं.

"आक्काला इचारलं. दाजी आक्काला मिळालं. मला कुणी इचारलं?"

"चंदे, आगं..." आक्काताई म्हणाल्या.

"मला सांगितलंवतं, धाकट्याला धाकटी, असंच ठरलंय म्हणून. म्हंजे आक्कानं नगं म्हणलेला मला दिला?"

"नगं म्हणलेला न्हाई गं. कोन म्हणलं तसं?"

"मग काय?"

आप्पांना नोंद अचूक ठेवायची सवय होती. "उरलेला," ते म्हणाले.

पळी ओट्यावर आपटली. चंदना आत गेली आणि दाराची कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. जिनेंद्र खुर्चीतून उठला. उभा राहिल्यावर तो एवढा उंच आणि एवढा केविलवाणा कधी दिसला नव्हता. त्याने दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं. आतून भांड्यांचे आवाज येत होते, पण ते स्वयंपाकाचे नव्हते.

भरतेश मांडीवर लॅपटॉप घेऊन पायरीवर बसला होता. त्याने पान एकशे अठरा भरलं, एक्केचाळीस नंबरचं घर उघडलं आणि या खेपेला कुणाच्या पुढे कुणाचं नाव लिहायचं ते दोनदा तपासलं.

"मदन, आक्काताई. जिनेंद्र, चंदना," त्याने वाचून दाखवलं. "करू का पक्कं? उद्या दहाला छापखान्यात द्यायचंय."

"थांब रं!" जिनेंद्र घाईघाईने म्हणाला. "आधी तुझ्या आईला इचार."

भरतेश दारापाशी गेला. "आई, बाबांच्या पुढं तुझं नाव घालू न्हवं?"

आतली भांडी थांबली. 

"इचार करून सांगते म्हणावं," आतून उत्तर आलं.